केंद्र धुऱ्यापलीकडे

फळ्यावरची कंपास दिवाळीआधीच मोडली.
टोकाचा पाय उरला, खडू धरायचा गेला.
म्हणून नववीची अकरा पोरं घेऊन
मी गावाबाहेर आले :
बैलाचा कासरा, चार खुंट्या,
आणि डब्यात खेळाच्या मैदानाची उरलेली फक्की.

पडितात तीन दगड उभे आहेत.
उभे म्हणजे एक बसलेला, एक कललेला,
तिसऱ्याला कुणी शेंदूर लावून मग विसरून गेलेलं.
बाकीचे कुठं गेले, निकेशला ठाऊक आहे :
रोडात गेले, पुलाखाली गेले,
एक त्याच्याच न्हाणीत आहे, त्यावर आई कपडे आपटते.
कधीकाळी इथं पुरता गोल होता म्हणतात.
किती जुना? पांडवांचा म्हटलं
की गावात विषय संपतो.

"तीन बिंदू एका रेषेत नसले," मी म्हटलं,
"की त्यांच्यातून एकच वर्तुळ जातं. एकच.
दुसरं काढून दाखवा, तास सोडून देते."

तेजल उईके कललेल्या दगडाशी बसली, निकेश बसलेल्याशी.
"अंतर अर्ध्याहून जास्त घ्या."
"जास्तच काऊन मॅडम?"
"कमी घेतलं तर चाप एकमेकांना भेटत नाहीत."
मागं कुणीतरी खुदकन हसलं,
निकेश उगाच खुंटी ठोकत राहिला.

पहिली रेघ पडली, पांढरी, जराशी वाकडी.
या रेघेवर कुठंही थांबा,
दोन्ही दगड तुम्हाला सारखेच लांब.
मग दुसरी जोडी, दुसरी रेघ.
दोन्ही रेघा बाभळीखालून गेल्या, धुऱ्याला लागल्या,
तरी भेटेनात.

"केंद्र आत असते ना? पुस्तकात तं आत हाये."
पुस्तकातला त्रिकोण लघुकोन होता.
आमचा मधल्या दगडापाशी
ऐसपैस मांडी पसरून बसलेला,
त्याचं केंद्र त्याच्या अंगणात मावेना.
ते पडलं धुऱ्यापलीकडे,
आडकूजी कोहपरेंच्या हरभऱ्यात.

आडकूजी आधीच तिथं उभे होते.
पोट्टे, दोर, फक्की : त्यांना वाटलं मोजणी आली.
मी सांगितलं, मोजणी नाही, भूमिती.
"त्यात जमीन जाते का?"
नाही म्हटलं.
"मंग या. पण माह्ये तास मोडू नका."
माझा तास पस्तीस मिनिटांचा, त्यांचा वावरभर लांब.
आम्ही एकेकानं सरीतून पाय टाकत गेलो.

खुंटी ठोकू दिली नाही त्यांनी.
कासऱ्याचं टोक स्वतःच्या मुठीत धरलं,
मूठ गुडघ्यावर टेकवली, उकिडवे बसले.
"फिरा तुम्ही. मी हाओ इथीसा."

दुसरं टोक तेजलकडे.
एकतीस पावलं त्रिज्या, तिच्या पावलांनी, टाचेला बोट लावून.
पहिला दगड जमला. मधला जमला.
शेंदराचा वीतभर चुकला, त्या विताबद्दल
मी काही बोलले नाही.
मग ती धुरा ओलांडून पिकात शिरली,
कासरा हरभऱ्यावरून अधांतरी,
पायाला आंब लागत होती, ओली, चरचरीत.

अर्धा फेरा झाला असेल.
आडकूजी बसल्या जागेवरून ओरडले, "थांब पोरी!"
आम्हाला वाटलं, रोप तुडवलं.
"तुह्या पायाखाली. तिथंच अडते माही पास.
दरसाली. दोनदा मोडली वखराची."

तेजलनं टाचेनं माती दाबून पाहिली.
निकेश पळत गेला, तास विसरून,
आणि आडकूजी त्याला रागावलेच नाहीत.
दोन बोटं माती बाजूला केली
तर खाली काळं, गार, गुळगुळीत काहीतरी होतं
ज्याला इतकी वर्षं त्यांनी
नुसताच धोंडा म्हणून शिव्या घातल्या होत्या.

"मंग बाकीचे कुठीसा असतीन?" ते म्हणाले.
मुठीतलं टोक अजून सोडलं नव्हतं.

रात्री टाचणवहीत लिहिलं :
घटक परिवर्तुळ. साहित्य कासरा, फक्की.
"उद्दिष्ट साध्य झाले का" या रकान्यापाशी
पेन थांबला.
पाय अजून खाजत होते.